नावात न चालणारी चिन्हं

अंकुश गिरपांनी स्टुडिओ विकला तेव्हा
दुकानाचा बोर्ड मुलाने नेला,
पडद्यावरचा धबधबा कुणीच नेला नाही,
आणि हार्डडिस्क माझ्याकडे आली
काजूच्या पिशवीत गुंडाळून.

एकोणीस हजार सहाशे चार फोटो.
न्यू फोल्डर. न्यू फोल्डर दोन.
बंदर. बंदर नवीन. बंदर नवीन खरं.
'तातू लग्न', आणि आत तातू कुठेच नाही,
नुसते वाफाळते टोप आणि आचाऱ्याचा पाय.

मी नियम केला:
आधी सन, मग महिना, मग तारीख,
मग जागा, मग माणूस.
एकच्या आधी शून्य लावायचं,
नाहीतर दहा उठून दोनच्या पुढ्यात बसतो,
पंगतीत जावयाचा चुलतभाऊ बसतो तसा.

पण कॅमेऱ्याचं घड्याळच मेलेलं.
सेल काढला की ते पुन्हा जन्मायचं:
एक जानेवारी दोन हजार पाच, रात्रीचे बारा.
शिमग्याचं रोंबाट, एक जानेवारी.
गणपतीची माटवी, एक जानेवारी.
झापांखाली उपड्या पडलेल्या होड्या,
भर आषाढ, तोही एक जानेवारी.

माटवीला कवंडळं दिसली की भाद्रपद धरला.
ताटात ओले काजूगर, फाल्गुन.
भिंतीवरच्या निवडणुकीच्या रंगावरून सन.
बंदराचे फोटो मात्र बधले नाहीत.
पाणी, दीपगृह, पाणी.

म्हणून रविवारी सावळो तांडेल येतो.
एक डोळा मोतीबिंदूचा, एक कामाचा,
चहा बशीत, नाक स्क्रीनला टेकलेलं.
"धक्क्याच्यो पायऱ्यो मोज गो."
मोजते. पाच सुक्या.
"होडी खंय बघता?"
कुठेच नाही. दोर सैल आहे.
"म्हणजे पाणी उभां रवलां. भरती पुरी झाली
नि तरी पाच सुक्यो. भांगाचां पाणी.
अष्टमी घाल. नवमी घाल, माझी हरकत नाय."

मी जुनं कॅलेंडर उघडते,
अष्टमीची तारीख काढते, फाइलला चिकटवते.
असे सहाशे फोटो
पाण्याने ओळखून दिले.

मग ती बाई.
डाव्या कडेला, अर्धी कापलेली, डोक्यावर पाटी,
पदर कमरेला खोचलेला,
कॅमेऱ्याकडे न बघणारी.
अकरा फोटोंत. अकरा निरनिराळ्या दिवशी.
गिरप परवान्यासाठी होड्या काढत होते.
ती आपली जात होती.

"ही कोण?" मी विचारलं.
तांडेल म्हणाला, "चतुर्थी."
पुढचा.
"आवस. उधाणाचां."
पुढचा.
"एकादशी. सकाळचां."
अकराच्या अकरा सांगितल्या,
एकदाही मला पायऱ्या मोजायला लावल्या नाहीत.
(मी मागाहून मोजल्या. बरोबर होत्या.)

बशीतल्या चहावर साय धरली. तो तसाच उठला.
चप्पल शोधायला बराच वेळ लागला त्याला.
दारातून म्हणाला, "नाव काय घालतलंस?"

रात्री टाइप केलं:
तारीख, वेंगुर्ले बंदर, कोण?
संगणकाने अडवलं.
फाइलच्या नावात ही चिन्हं चालत नाहीत:
तिरकी रेघ, चांदणी, अवतरण,
प्रश्नचिन्ह.

मी प्रश्नचिन्ह खोडलं.
एवढ्याशा आकड्याने, मासा काढताना गळ निघावा तसं,
ते निघून आलं
आणि मागे राहिलं ते विचारणं नव्हतं.

पुढचा रविवार भांगाचा होता,
दर्यावर कुणाला काही काम नव्हतं,
तरी तांडेल आला नाही.

मी आता शिमग्याच्या फोल्डरमध्ये आहे.
अजून तेरा हजार.
मधूनच शोधाच्या चौकटीत 'कोण' लिहिते
आणि ती येते,
अकरा वेळा, तिथीवार,
डाव्या कडेने, घाईत.